उद्धवरावांच्या गाडीची शिंगं

धामणपूरची लेक सासरी जायची ती उद्धव खर्च्यांच्या पांढऱ्या अँबेसडरमधून. असा काही ठराव ग्रामपंचायतीत झालेला नाही, कोणी कोणाला सांगितलेलंही नाही; पण कितीतरी वर्षं हे असंच चाललेलं. माळ्यांची असो, बौद्धवाड्यातली असो, नाहीतर मशिदीमागच्या गल्लीतली असो, नवरी मागच्या सीटवर बसली की उद्धवराव डोक्यावरची टोपी सरळ करतात, आरशात एकदा मागं बघतात आणि गाडी अशी अलगद हलवतात, की मांडीवर भरलेली वाटी ठेवली तरी थेंब सांडू नये.

गाव दिसेनासं होईपर्यंत ते तोंडातून अक्षर काढत नाहीत. पोरीला रडू देतात. एखादा उत्साही नवरदेव मध्येच समजूत घालायला लागला, तर आरशातून असं बघतात की तो बिचारा बाहेरची तूर मोजत बसतो. गावचं शेवटचं शेत मागं पडलं, की मग डॅशबोर्डच्या खणातून एक पत्र्याचा डबा निघतो. त्यात गूळ आणि शेंगदाणे.

“खाय माय,” उद्धवराव म्हणतात. “रडून भूक लागते.”

इथली एक लेक मेहकरला दिली आहे. ती अजून म्हणते, अख्ख्या लग्नातलं मले काय आठवत असंल तर तो गूळ. नवरा रुसतो, पण खरं ते खरं.

ही गाडी मुळात नांदुऱ्याच्या एका जिनिंगवाल्या सेठजींची. उद्धवराव त्यांचे ड्रायव्हर. पहाटे बैलांना वैरण टाकायची, सायकल हाणत नांदुरा गाठायचं आणि दिवसभर सेठजींना घेऊन कापसाच्या बाजारात हिंडायचं, असा त्यांचा दिवस. सेठजींचे कान जड होते. ते मागच्या सीटवरून इतक्या मोठ्यानं बोलायचे, की रस्त्याच्या कडेला म्हशी चारणाऱ्यालाही कापसाचा भाव कळायचा. म्हातारपणी ते मुलाकडं सुरतेला निघाले, तेव्हा गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, “उद्धव, ये गाडी मेरे से ज्यादा तेरा पाँव पहचानती है. ले जा.”

गाडी घरी आली आणि गोठ्यात उभी राहिली. दुसरीकडं जागाच नव्हती. एका बाजूला मोऱ्या, दुसऱ्या बाजूला चांद्या, मधे अँबेसडर. मोऱ्या पहिले काही दिवस तिच्या आरशाशी भांडला, मग आरसा चाटायला लागला, म्हणजे दोस्ती झाली.

पेच पडला तो पोळ्याला. उद्धवरावांच्या बायकोचं, प्रतिमाबाईंचं म्हणणं असं, की एका गोठ्यात राहणाऱ्या तिघांपैकी दोघांना पुरणपोळी आणि तिसरीनं नुसतं बघत बसायचं, हे काही बरोबर नाही.

“अवं, लोखंड हाय ते,” उद्धवराव म्हणाले.

“दसऱ्याले कोयता-कुऱ्हाडीची पूजा करता, ते काय मऊ असते?”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, तशी गाडीलाही चोळायची ठरली. पण गाडीचे खांदे कोणते, यावर नवरा-बायकोची चांगलीच जुंपली. शेवटी पुढचे दोन मडगार्ड म्हणजे खांदे, असा निकाल लागला. प्रतिमाबाईंनी पळसाचं पान तुपात बुडवून मडगार्डवरून फिरवलं आणि बैलांना म्हणतात तेच म्हटलं, “आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायची वेळ आली. डोळे पुढं आहेत हे तर दिसतच होतं. मग शिंगं कुठं? प्रतिमाबाई हातात रंगाचा डबा घेऊन गाडीभोवती फिरल्या आणि मागच्या दिव्यांपाशी थांबल्या. तिथं पत्रा दोन्ही बाजूंनी निमुळता होत जरा वर उचललेला आणि टोकाला उभा लाल दिवा.

“हे पाहा शिंगं.”

“मागं?”

“बैलाले देवानं पुढं देल्ली, इले कारखानेवाल्यानं मागं देल्ली. तुमाले काय त्रास हाय?”

तेव्हापासून दर पोळ्याला बैलांच्या शिंगांचा जो रंग, तोच गाडीच्या शिंगांचा. एका वर्षी हिरवा, एका वर्षी निळा, कधी पिवळा, कधी गुलाबी. आणि प्रतिमाबाईंना अर्धवट काम खपत नाही. दिव्याच्या कडेनं ब्रश फिरवला तर कोपरे राहतात, म्हणून उद्धवरावांनी स्क्रू काढून दिवा वायरीवर लोंबता ठेवायचा, बाईंनी त्याच्या मागचा पत्रा आतपर्यंत रंगवायचा आणि रंग वाळला की दिवा पुन्हा जागेवर. वर त्यांची सक्त ताकीद: शिंगाले कोनी चरा पाडायचा नाही.

पुढं मोऱ्या म्हातारा होऊन गेला. चांद्या एकटा जुंपून घेईना, दिवसभर दाराकडं तोंड करून उभा राही. त्याला प्रतिमाबाईंनी मेहकरकडं आपल्या माहेरी मोकळा चरायला धाडून दिला. शेतात भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला. गोठ्यात गाडी एकटी उरली आणि अख्खा पोळा तिच्याच अंगावर आला. आवतन तिला, घुगऱ्या तिला, झूल तिला. गेल्या पोळ्याला तर बाईंनी दिव्याचे गंजके स्क्रूसुद्धा चिमट्यात धरून रंगाच्या डब्यात बुडवून काढले, जिलबी पाकातून काढावी तसे. म्हणाल्या, गंजल्या खिळ्यानं काऊन शिंग बांधायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बौद्धवाड्यातल्या धम्मशीलाचं लग्न झालं. नवरी गाडीत बसली, गाडी निघाली. गावाबाहेर शाळेपाशी गतिरोधक आहे; उद्धवरावांनी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि मागून येणारा नवरदेवाचा मामा मोटारसायकलसकट येऊन बंपरवर आदळला. गुडघा खरचटला, फेटा रस्त्यात उलगडला, बाकी काही नाही. पण उठून उभा राहताना तो एवढंच म्हणाला, “काका, तुमची गाडी थांबून राह्यली हे तिनं सांगतलंच नाई.”

हे वाक्य उद्धवरावांच्या मनात रुतून बसलं. सेठजींना घेऊन फिरलेल्या एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला मागून कोणी शिवलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी बायकोला मागं उभं करून ब्रेक दाबला. उजवा दिवा अंधार, डावा दिवा अंधार. नीट निरखून पाहिलं तर कडेचा इंडिकेटर तेवढा मिणमिणत होता, जणू काही दुसऱ्याच कोणाला हाक मारल्यावर तो ओ देतोय.

“दिवे लागत नाईत तवर नवरी बसनार नाई,” उद्धवरावांनी सांगून टाकलं.

मग दोन-तीन लेकी भाड्याच्या गाडीतून गेल्या. उद्धवराव पारावर बसून ती गाडी जाताना बघायचे. शेजारच्या अविनाशची जुनी जीप त्याच्या अंगणात उभी आहे, तिच्या स्टिअरिंगवर कोंबड्या बसतात. तो एकदा जाता जाता म्हणाला, “काका, माह्या जीपमंदी जागा भरली. तुमच्यात दोन बकऱ्या बांधू काय?”

उद्धवराव हसले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

अशात मशिदीमागच्या गल्लीतल्या महनूरचं लग्न ठरलं, बुलढाण्याच्या आसिफशी. महनूर ही फारुखची लेक. फारुखचं नांदुऱ्याला स्टेशनरोडला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, राहायला गावातच. ही पोर लहान असताना बापाच्या खांद्यावर बसून गावातली प्रत्येक नवरी जाताना बघायची आणि दर वेळी उद्धवरावांना तोच प्रश्न विचारायची, “माह्या टायमाले पन हीच गाडी ना काका?” उद्धवराव दर वेळी म्हणायचे, “हीच.” आता ती वेळ आली होती. आणि रस्ता कोणता, तर राजूरच्या घाटाचा. वळणावर वळण, मागं भरलेले ट्रक. मागचे दिवे बंद असलेल्या गाडीत त्या पोरीला बसवून घाट चढायचा, हे उद्धवरावांच्यानं होणार नव्हतं. आणि तिला दिलेला शब्द मोडणं, हेही होणार नव्हतं.

फारुखनं काही कसूर ठेवली नाही. आधी बल्ब बदलले. मग ब्रेकजवळचा स्विच बदलला. मग पुढून मागपर्यंत नवी वायर ओढली. त्याची एक सवय होती. दिवा बाहेर काढला, की आपल्या हातातल्या वायरीचा एक चिमटा दिव्याच्याच पत्र्याच्या बुडाला लावायचा, दुसरा खाली बंपरच्या नटाला, आणि मग बघायचं. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्यानं दिव्याच्या जागेवर स्क्रूड्रायव्हर घासून पत्रा तपासला असता; पण प्रतिमावहिनींच्या रंगाला हात लावायची त्याची हिंमत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याचं मन तरी कुठं जागेवर होतं? मांडववाल्याचा फोन, बिर्याणीच्या देगवाल्याचा फोन, नात्यातल्या कोणाला आवतन पोचलं नाही म्हणून रुसव्याचा फोन.

पाहणी अशी चालायची. उद्धवराव पुढं ब्रेकवर, फारुख मागं. दिवा लागला की फारुखनं हात वर करायचा, नाही लागला तर खाली हलवायचा. उद्धवराव आरशात बघत असत. चिमटे लावलेले असले, की हात वर जायचा. दोघं खूश. फारुख चिमटे काढून दिवा बसवायचा, सामान गोळा करून दुकानाला निघून जायचा. आणि मग उद्धवराव प्रतिमाबाईंना मागं उभं करून पुन्हा बघायचे, तर हात खाली.

“ही तुले पाहून खुलते बे,” उद्धवराव फारुखला म्हणाले. “तू गेला का डोळे मिटते. तुलेच मागं बांधून नेतो घाटात.”

लग्नाच्या आदल्या दिवशी फारुख आला तो पाय ओढत. दिवा काढून लोंबता ठेवला आणि चिमट्याची वायर हातातच धरून म्हणाला, “उद्धवभाऊ, आसिफच्या घरचे नवी गाडी आनून राह्यले. तुमी मनाले लावून नका घेऊ.”

उद्धवरावांनी फडकं घेतलं आणि बॉनेट पुसायला लागले. बॉनेट आधीच पुसलेलं होतं.

तेवढ्यात गल्लीतून महनूर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मेंदीनं भरलेले, ते हवेत धरलेले, आणि मागून तिची फूफी ओरडत, “अगे कहाँ चली, पूरी मेहंदी फैलेगी.”

“नवी गाडी कोनासाठी आनून राह्यले?” महनूरनं बापाला विचारलं. “मी तर हिच्यात जाईन.”

“दिवे लागत नाईत, बेटा.”

“मंग पाहू ना. काका, दार उघडा. हात कामाचे नाईत आज, पाय तर मोकळे हायत. ब्रेक मी दाबते, तुमी मागं जाऊन पाहा.”

उद्धवरावांनी दार उघडलं, चावी फिरवली आणि मागं येऊन उभे राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत आपल्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागताना आपण कधी पाहिलेलाच नाही. कसा पाहणार? ज्याचा पाय ब्रेकवर, त्याला तो दिवा दिसत नाही. तो दुसऱ्यानंच बघायचा आणि सांगायचा.

फारुखचा फोन वाजला. देगवालाच होता. फारुख चिमटे खिशात टाकून बाजूला गेला. प्रतिमाबाई घरातून चहा घेऊन आल्या. स्टीलच्या ताटात कपबश्या. ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून त्यांनी ताट बंपरवर टेकवलं. ताटाची कड लोंबत्या दिव्याच्या पत्र्याच्या बुडाला लागली.

महनूरनं ब्रेक दाबला.

“लागला,” उद्धवराव म्हणाले. त्यांचा हात आपोआप वर गेला.

प्रतिमाबाईंनी नवऱ्याला कप द्यायला ताट उचललं. दिवा गेला. उद्धवरावांचा हात खाली आला.

“पाय काढला काय व?”

“नाई काका. दाबूनच हाय.”

बाईंनी ताट परत ठेवलं. दिवा लागला. फारुख फोन कानाला लावून वळला आणि तिथंच थबकला.

“वहिनी, ताट उचला.”

दिवा गेला.

“ठेवा.”

दिवा लागला.

“आता उचला.”

“चहा घेता का माह्या हातची कवायत पाह्यता?” प्रतिमाबाई म्हणाल्या. पण ताट त्यांनी उचललं आणि ठेवलंही.

फोनमध्ये देगवाला बिर्याणीला चूल कुठं लावायची ते विचारत राहिला. फारुखनं फोन तसाच खिशात टाकला. दिव्याजवळ उकिडवा बसला, तो जिथं बसतो त्या गाडीच्या रंगीत पत्र्याकडं पाहिलं, मग स्क्रू हातात घेऊन पाहिला. गुलाबी, गुळगुळीत, डोक्यापासून टोकापर्यंत.

“काय झालं ते सांगशील का?” उद्धवराव म्हणाले.

“वायरीतून वीज दिव्यात येते, भाऊ. उजेड देते. पन तिले बॅटरीकडं वापस जायले वाट लागते. ती वाट म्हनजे गाडीचा पत्रा. दिवा पत्र्याले टेकला पायजे, लोखंडाले लोखंड लागलं पायजे. मी चिमटे लावत होतो, वहिनीनं ताट लावलं, म्हून तिले वाट भेटली. आजवर उघड्या स्क्रूतून जात होती. आता इथं…” आणि त्यानं हातातला स्क्रू मुठीत झाकला.

“इथं माहा रंग हाय,” प्रतिमाबाई म्हणाल्या.

प्रतिमाबाई घरात गेल्या. उद्धवरावांना वाटलं, रागावल्या. फारुखला वाटलं, रडायला गेल्या. महनूर गाडीतून उतरून, हात हवेत धरून दाराकडं बघत राहिली. बाई परत आल्या त्या भाजी चिरायची जुनी सुरी घेऊन.

“सरका,” त्या म्हणाल्या. “कुठं खरडायचं ते दाखवा. मीच खरडते.”

फारुखनं स्क्रूच्या भोकांभोवती बोट ठेवलं. बाईंनी सुरी चालवली. आधी गेल्या पोळ्याचा गुलाबी निघाला. त्याच्याखाली हिरवा. मग निळा आला आणि सुरी थांबली.

“हा मोऱ्याच्या शेवटच्या पोळ्याचा,” त्या म्हणाल्या. “त्यानं शिंग रंगवू देल्लं नव्हतं त्या साली. मान खाली घालून उभा होता.”

“राहू द्या वहिनी, मी दुसरीकडून वायर काढून देतो,” फारुख म्हणाला.

“काऊन? बाकीचा निळा हाय ना आजूबाजूले. तो कुठं जाते.” आणि सुरी पुन्हा चालू झाली. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली आणखी एक हिरवा, त्याच्याखाली आणखी कितीतरी पोळे, मग सेठजींचा पांढरा, आणि सगळ्यात खाली टिकलीएवढं लख्ख लोखंड. दोन्ही शिंगांना तशा टिकल्या झाल्या. फारुखनं स्क्रू पॉलिश पेपरनं घासले, दिवे जागेवर बसवले, पिळून घट्ट केले. ताट, चिमटे, वायर, सगळं बाजूला ठेवलं.

महनूर परत सीटवर चढली. “दाबू?”

“दाब.”

दोन्ही दिवे लागले. लाल, भरगच्च, गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर रंग सांडावा तसे. उद्धवरावांनी हात वर केला आणि खाली घ्यायचं विसरूनच गेले. फारुख सामान गोळा करून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, तरी दिवे तसेच लागत होते.

“गेल्यावर पन लागतात,” तो म्हणाला. आता चहा थंड झाला होता, तोच सगळ्यांनी प्यायला.

अविनाश कुंपणावरून डोकावत होता. त्याला उद्धवराव म्हणाले, “उद्या वरातीत मागून ये मोटारसायकलवर. पन पुढं पाहून चाल. माही गाडी सांगते आता.”

दुसऱ्या दिवशी निकाह झाला, जेवणं झाली, आणि दुपार कलायच्या आत रुखसतीची, म्हणजे पाठवणीची, वेळ आली. बुलढाण्याची नवी गाडी फुलं लावून उभी होती. तिच्यात वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बसल्या आणि एसीची थंडी वाजते म्हणून कुरकुरायला लागल्या. महनूर अँबेसडरमध्ये बसली. शेजारी आसिफ. प्रतिमाबाईंनी खिडकीतून हात घालून तिचा गाल कुरवाळला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. फारुख काचेपाशी आला, काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण तोंडातून निघालं ते असं, “उद्धवभाऊ, उजवा स्क्रू एकदा वाटेत मोताळ्यात पाहून घ्या.”

“पाह्यतो,” उद्धवराव म्हणाले.

टोपी सरळ केली. आरशात एकदा बघितलं. गाडी हलली. गल्लीच्या तोंडाशी माणसं मागं थांबली. फारुख मात्र चालत चालत रस्त्याच्या मधोमध आला आणि तिथं उभा राहिला. आरशात तो लहान होत गेला.

शाळेपाशी गतिरोधक आला. उद्धवरावांनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी सावकाश थांबली, अगदी पूर्ण थांबली. एवढं थांबायची गरज नव्हती. मागून अविनाश मोटारसायकलवर येत होता, तोही चांगलं अंतर ठेवून थांबला. उद्धवरावांच्या आरशात आता त्याचाच फेटा भरला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

महनूर मागच्या काचेतून बघत होती. गाव दिसत असताना या गाडीत आजवर कोणी नवरी बोलली नव्हती.

“काका,” ती म्हणाली, “अब्बानं हात वर केला.”

उद्धवरावांनी पाय लगेच काढला नाही. ब्रेक आणखी थोडा वेळ दाबून धरला, फारुखला नीट बघून घेता यावं म्हणून. मग गाडी गतिरोधकावरून अलगद उतरवली आणि गावचं शेवटचं शेत यायच्या आधीच खणातला डबा काढून मागं दिला.

आसिफनं डब्याला हात लावला, तसं आरशातून त्याच्याकडं पाहून ते म्हणाले, “आधी तिले.”